साहेबांच्या अकाउंटवरची सूचना

"साहेबांच्या अकाउंटवर वाकडं लिहू नकोस गं, ब्लॉक करतील," असं शेजारच्या दर्शनाने बजावलं, तेव्हा अपेक्षा हसली होती. "करू देत. त्यांच्याकडच्या लग्नाला थोडीच बोलावणार होते मला!"

साहेब म्हणजे वॉर्डातले बडे अधिकारी. त्यांच्या उद्घाटनाच्या फोटोखाली तिने एवढंच विचारलं होतं, "रिबन छान कापलीत. चिंचपोकळीत आमच्या चाळीला गढूळ पाणी येतंय, ते कधी बघताय?" त्यानंतर ते अकाउंटच दिसेनासं झालं. तिला वाटलं, बदली झाली असेल.

चाळीची रीत अशी, की पाण्याची सूचना साहेब अकाउंटवर टाकणार आणि अपेक्षा तिचा स्क्रीनशॉट मजल्याच्या ग्रुपवर. तिने काही टाकलं नाही म्हणजे पाणी ठीक, असं धरून सगळे हंडे भरत.

आज सकाळी दर्शना धापा टाकत दारात. "अगं, गटाराचं पाणी लाइनीत शिरलंय! पिऊ नका म्हणून कालच टाकलंय साहेबांनी. माझ्या नणंदेने पाठवलं. तू का नाही टाकलंस?"

अपेक्षाला आत्ता उमगलं, साहेबांची बदली झालीच नव्हती, त्यांनी तिला ब्लॉक केलं होतं. छोट्या ओवीला ती पाणी उकळूनच देते, तरी तिने लेकीचं कपाळ पुन्हा पुन्हा चाचपलं. मग वॉर्ड ऑफिसला फोन लावला.

"मॅडम, ते अकाउंट साहेबांचं पर्सनल आहे. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, त्यांची मर्जी."

"मग पाण्याची सूचना आणखी कुठे लावलीत?"

"तिथेच टाकतो ना."

"म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने विष प्यायचं?"

फोन कट.

दोघींनी दारोदार फिरून हंडे ओतायला लावले. टोकाच्या खोलीला मात्र कुलूप. तिथे चंपामावशी एकटी राहते. नुकतीच काविळीतून उठलीय, आणि सांगायला गेलं तर म्हणते, "उकळलेल्या पाण्याक चव नाय गो!" ती पहाटेच नळावर बाटली भरून वरळी कोळीवाड्यात भाचीकडे गेली, असं समोरची माया म्हणाली. मावशीचा फोन बंद. भाचीचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही.

अपेक्षाने ओवीला कडेवर घेतलं आणि एका हाताने स्वतःच्या अकाउंटवर लिहायला घेतलं.

"वरळी कोळीवाड्यातलं कोणी हे वाचत असेल, तर जरा बाहेर पडून बघा. चंपामावशी, उंचीने बुटकी, हिरवं लुगडं, मालवणी बोलते. तिच्याकडची पाण्याची बाटली आधी ओतून टाका. ती बरी आहे ना, तेवढं मला कळवा. प्लीज, आत्ता जा."