सत्तावीस वेळा टाळ्या

डेल्बर्टने दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली, तशी पिकअपच्या खिडकीतून लोंबकळणारी कुत्री मुकाट आत बसली. मग तो गावच्या संग्रहालयात शिरला आणि काचेच्या कपाटावर त्याने हात आपटला.

"माझं कारखान्यातलं हेल्मेट काढ, लोर्ना. आत्ताच्या आत्ता."

संग्रहालय सांभाळणारी लोर्ना शाळेत त्याच्याच वर्गात होती. तिने चष्म्यावरून पाहिलं. "तूच आणून दिलंस ना? चांगलं पुसून?"

"तेव्हा ही पाटी नव्हती."

पाटी पितळी होती : 'राष्ट्राध्यक्षांची गाजलेली भाषणे'. खाली पोलाद कारखान्याच्या फाटकाचा फोटो आणि भाषण ऐकण्यासाठी एक बटण. अकरा वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्ष त्या फाटकापाशी उभे राहून म्हणाले होते, 'हे फाटक बंद होणार नाही.' चार महिन्यांत ते बंद झालं. भाषणात सत्तावीस वेळा टाळ्या पडल्या, हेही पाटीवर कोरलं होतं. नोकऱ्या किती गेल्या ते कोरायला पितळ पुरलं नसावं.

"गाजलेली म्हणे! त्या एका वाक्यावर मी कोलंबस शहरातली नोकरी नाकारली. मेहुण्याने ठरवून दिलेली. बायकोने, वांडाने, सामान हलवायला बांधलेली खोकी त्याच संध्याकाळी तिलाच सोडायला लावली. आज त्रेसष्टाव्या वर्षी ती वृद्धाश्रमात चादरी बदलते. आणि तुम्ही इथे बटणं बसवा!"

"माझ्यावर कशाला ओरडतोस? माझाही भाऊ त्याच फाटकातून बाहेर पडला. इथे जे झालं ते जसंच्या तसं ठेवायचं, एवढंच माझं काम. नंतर एकदा तरी ऐकलंस का?"

"तेव्हा ऐकलं ते पुरे झालं."

"मग आता नीट ऐक." तिने बटण दाबलं.

तोच भरदार आवाज. डेल्बर्ट दात आवळून उभा राहिला.

'हे फाटक बंद होणार नाही.'

क्षणभर शांतता. मग सगळ्यांच्या आधी एक शिटी आली; लांब, धारदार, शेवटी वर चढणारी. तिच्या मागून टाळ्यांचा कडकडाट उसळला.

उन्हाळ्यामुळे दार उघडंच होतं. बाहेर पिकअपमधून पुन्हा डोकावणारी कुत्री चटकन आत बसली.

लोर्नाने कुत्रीकडे पाहिलं, मग डेल्बर्टकडे. टाळ्या सरल्या.

"हेल्मेट काढू?" तिने किल्ली हातात घेतली.

त्याने काचेवरचा हात खाली घेतला.

"राहू दे. भाषणही राहू दे," तो म्हणाला. "ती शिटी तेवढी काढता येते का बघ."