आनारकान एजेंची हरकत

"बाप जिवंत असताना मेंढ्याचं डोकं या पोराच्या ताटात कसं आलं?" आनारकान एजेंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

प्रश्न मेलिस बायकेंना होता; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला एजे म्हणतात, पुरुषाला बायके. मेलिस म्हणजे आमच्या प्रकाशनसंस्थेच्या संचालकांचे मेहुणे, आणि म्हणूनच लेखक. आज्यांच्या परीकथा उचलायच्या, त्यांत एक भुयार आणि एक नकाशा कोंबायचा, आणि कुमारांसाठी साहसकादंबरी म्हणून बिश्केकभर खपवायच्या, हा त्यांचा उद्योग. या आठव्या कादंबरीत सात डोक्यांच्या म्हातारीने बापाला पळवलंय आणि बारा वर्षांचा पोरगा त्याला सोडवायला पाताळात निघालाय. निघण्याआधी गावजेवण होतं, त्यात मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवतात.

"मान दिलाय एजे त्याला. हीरो आहे तो."

"ज्याचा बाप आहे त्याला डोकं वाढत नाहीत. वाढलं म्हणजे बाप मेला. मग पुढची दोनशे पानं हा कुणाला सोडवायला हिंडतोय?"

मला हसू आलं. जेवणावळीत ज्याचं लक्ष फक्त स्वतःच्या ताटात, त्याला कुणापुढे काय ठेवतात ते कुठून दिसणार?

"हल्लीच्या पोरांना कुठं कळतंय हे," मेलिस म्हणाले. "आणि चित्रही झालंय. पूर्ण पानाचं, रंगीत."

ते चित्र माझं. काढतानाच चूक दिसली होती, पण असल्या पुस्तकासाठी तोंड कशाला उघडा, असं मीच मला समजावलं होतं.

एजे एकतीस वर्षं त्याच कोपऱ्यात प्रुफं वाचत होत्या. बसच्या तिकिटावरची चूकसुद्धा दुरुस्त करणारी बाई. मला त्या खुळ्या वाटायच्या. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांचं नाव असे, आणि त्यांच्या सहीशिवाय पुस्तक छापायला जात नसे. संचालकांनी दुपारीच बजावलं, संध्याकाळपर्यंत सही करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. पेन्शनीला सात महिने उरले होते.

"करून टाका ना सही," चहा ओतताना मी म्हणालो. "मेलिसच्या पुस्तकापायी नोकरी घालवता? वाचतात तरी कोण नीट?"

"मुलं वाचतात, कुबात. फसवलेलं त्यांना लगेच कळतं. बोलत नाहीत ती, पुस्तक मिटून ठेवतात."

"आणि ते शेवटचं पान कोण बघतं?"

"मी बघते," एजे म्हणाल्या. चहा संपवून त्यांनी लाल पेन्सिल पिशवीत टाकली, शाल घेतली आणि सही न करता निघून गेल्या.

संध्याकाळी सही न्यायला आलेले संचालक माझ्याकडे वळले. "तुला येतं ना रे प्रुफं बघायला?"

मी हो म्हणालो. सहीला मिनिटही लागलं नाही. मेलिसचा मला तिटकारा होता, संचालकांचा होता, त्या दिवसापासून आणखी एकाची भर पडली.

महिन्याने एजे आपली कागदपत्रं न्यायला आल्या. माझ्या टेबलावर नव्या कादंबरीची चळत होती. त्यांनी वरची प्रत उचलली आणि सवयीने मागून उघडली. शेवटच्या पानावरच्या एका ओळीखालून त्यांचं बोट सावकाश फिरलं. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं.

"नाव बरोबर छापलंय तुझं," त्या म्हणाल्या. मग प्रत चळतीवर ठेवून तिच्या कडा सारख्या केल्या आणि जिना उतरल्या.