बन्सीधरची सात हॉटेलं

बन्सीधरच्या पत्र्याच्या पेटीवर सात हॉटेलांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. लिंबाजी सुताराला इंग्रजी सोडाच, मराठीही वाचता येत नव्हतं. तरी त्या सातही त्याच्या डोळ्यांत बसल्या होत्या. निळी लंडनची, हत्तीची कोलंबोची, खजुराच्या झाडाची कैरोची.

बन्सीधर त्याचा मावसभाऊ, चार वर्षांनी धाकटा. दोघांनी रंधा धरला तो झरी गावात, लिंबाजीच्या बापाच्या हाताखाली. लिंबाजी झरीतच राहिला. बन्सीधर हैदराबादेला गेला, इमारतींचे नकाशे काढायला शिकला आणि एका नवाबाच्या हवेलीसाठी सामान निवडायला म्हणून नवाबाबरोबर विलायत फिरून आला. १९३७ साली झरीच्या जमीनदार आबासाहेबांनी परभणी स्टेशनासमोर हॉटेल बांधायला काढलं, तेव्हा त्यांनी नकाशासाठी त्यालाच बोलावलं. सुतारकाम लिंबाजीकडे आलं.

रोज संध्याकाळी आबासाहेबांच्या ओसरीवर बन्सीधरची हॉटेलं सुरू व्हायची.

"कैरोच्या हॉटेलात सज्जाला लाकडी जाळी हाय, आबासाहेब. दुपारचं ऊन तिच्यातून खाली पडलं की फरशीवर नक्षी उठती. मी गालिचा समजून कडेकडेनं चाललो!"

ओसरी हसायची. आबासाहेब म्हणायचे, "अन् ते पॅरिसचं सांग." मग पॅरिसचा लोखंडी जिना यायचा. लिंबाजीची बायको मनकर्णा चार बायकांत दाराआड उभी राहून ऐकायची. घरी आल्यावर एकदा ती म्हणाली, "भावजी सांगायलेत तर डोळ्यांपुढं उभं राहायलंय बगा." लिंबाजीनं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

चौकट बसवायचा दिवस आला. दाराची सागवानी चौकट लिंबाजीनं स्वतः घडवली होती. ओळंबा लावून त्यानं ती उभी केली, हळद-कुंकू वाहिलं. चौकट बसवणाऱ्या मिस्त्रीला मालकानं फेटा बांधायचा, ही रीत. आबासाहेबांनी ताटातला केशरी फेटा उचलला आणि तो बन्सीधरच्या डोक्याला बांधला.

"आबासाहेब, हा मान दादाचा," बन्सीधर म्हणाला.

"त्याला दुसरा आणू. हाटेल तर तुझ्याच डोक्यातून निघालंय न्हवं!"

दुसरा आला नाही.

त्याच दुपारी बन्सीधरनं खोल्यांचा नकाशा उलगडला. एका खोलीत चार पलंग, भिंतीत खुंट्या मारून पक्के केलेले. मधे माणूस जाईल एवढी वाट. लिंबाजीला पाहताक्षणी चूक दिसली. पेडगावसारख्या खेड्यातला माणूस कचेरीच्या कामाला येतो तो वळकटी, घागर आणि पिठाची पुरचुंडी घेऊन. कोण कुठला निजून गेलेल्या पलंगाला तो पाठ लावणार नाही. त्याला हवी सारवून घेता येईल अशी मोकळी जमीन, आणि चुलीचे तीन दगड मांडायला कोपरा. शब्द लिंबाजीच्या ओठांवर आले होते. समोर केशरी फेटा होता. त्यानं ते गिळले.

जेवताना मनकर्णाला मात्र त्यानं सांगितलं.

"मग सांगा की भावजीला."

"त्याला सात मुलखातलं कळतं. परभणीतलं बी कळंल."

आणि त्यानं चोवीस पलंग असे घडवले की सांध्यात केस शिरू नये. हॉटेल बुडालं तर बोट नकाशाकडे जावं, कामाकडे नाही, हा त्याचा हिशेब.

हॉटेल उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब दोघांना घेऊन बघायला आले. मुसाफिर सगळे व्हरांड्यात आपापल्या वळकट्यांवर बसले होते. आतल्या खोलीत वालूरची तानुबाई दोन पलंगांमधल्या वाटेत तीन दगड मांडून भाकरी थापत होती. एका पलंगावर तिची घागर, दुसऱ्यावर पिठाची पुरचुंडी, कांदे आणि लेकाचे जोडे. पलंगाच्या उशाशी लिंबाजीनं केलेल्या कोरीवकामाला धुरानं काळं फासलं होतं.

"मावशी, हे काय?" आबासाहेब ओरडले.

तानुबाईनं मान वर केली. "सामान ठिवायला फळ्या झ्याक केल्यात, मालक. जरा बुटक्या झाल्या. माझ्यासारखीला वाकावं लागतं."

लिंबाजीला वाटलं होतं, या क्षणी बन्सीधरचं तोंड उतरेल. बन्सीधर तिथंच उकिडवा बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"चूक माझी, आबासाहेब. सात हॉटेलं बघितली, आपली मावशीच विसरलो. दादाचं काम सोन्यासारखं हाय. पलंग काढू, ओटे बांधू, भायेर चुली करू."

आबासाहेबही हसू लागले. मग लिंबाजीकडे वळले. "याचं ठीक हाय, हा भायेर राहिलेला. तू तर इथलाच. तुला बी सुचलं न्हाई?"

माहीत होतं म्हणावं, तर गप्प का बसलास हा पुढचा सवाल. व्हरांड्यातले सगळे बघत होते.

"न्हाई सुचलं," लिंबाजी म्हणाला.

"जाऊ द्या," बन्सीधर म्हणाला, "मला नाही कळलं, तर दादाला कुठून कळणार!" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

आठवडाभर लिंबाजी आपल्याच हातचे सांधे उकलत होता. ते इतके घट्ट बसले होते की तीन पलंग फोडावे लागले.

ओसरीवर आता कैरो, पॅरिस कोणी मागत नव्हतं. आबासाहेब म्हणायचे, "ते आठवं सांग, परभणीचं." बन्सीधर तानुबाईचा आवाज काढायचा, "जरा बुटक्या झाल्या," आणि ओसरी लोळायची. दाराआड मनकर्णाही तोंडाला पदर लावून हसायची. एकदा हसता हसता तिची नजर लिंबाजीकडे गेली, आणि तिनं पदर खाली घेतला.

वाटेत ती हळूच म्हणाली, "तुमाला तर ठावं व्हतं."

"कुणाला सांगू नगंस," लिंबाजी म्हणाला.