ज्याची बाही, त्याचं गाणं

आक्कांनी शिंपीदुकानातल्या पुतळ्यावरच्या कोटाचं अस्तर बाजूला सारलं, डाव्या बाहीत हात घातला आणि मुंढ्याच्या शिवणीवरून बोट फिरवत मागच्या बाजूला नेलं. एका जागी बोट अडलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पुतळा खिडकीकडे वळवला आणि पुन्हा तिथेच चाचपलं.

एकच टाका होता. बाकीच्यांपेक्षा करकचून ओढलेला, वर बारीक गाठ मारून पक्का केलेला. त्या एका टाक्यामुळे बाहेरच्या बाजूला, काखेच्या मागे, एवढीशी चुणी पडली होती. आजूबाजूची शिवण इतकी सारखी होती, की हात घसरून असा टाका पडणं शक्यच नव्हतं. तो मुद्दाम घातलेला होता.

कोट त्यांच्या सुनेने शिवला होता.

खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. दुकानाची किल्ली आक्कांकडे असायची, त्यामुळे कुलूप काढणं, झाडू मारणं आणि आदल्या दिवशीचे कोट पुतळ्यांवर चढवणं हे काम त्यांचंच. सून पोराला शाळेत सोडून मागाहून यायची. मग मशीनवरचा लंब्या, मग काज-बटणवाली, आणि सगळ्यांत शेवटी, दुसरा चहा झाल्याशिवाय घरातून न निघणारे मास्तर. दुकान मास्तरांचं, कापड तेच बेतायचे आणि तेच कापायचे.

मास्तरांनी फार पूर्वी एक नियम केला होता. तेव्हा कोपऱ्यातल्या रेडिओवरून रोज भांडणं व्हायची. एकाला बातम्या हव्यात, दुसऱ्याला गाणी, तिसऱ्याचं डोकं दुखतंय. शेवटी मास्तर वैतागून म्हणाले, ज्याची बाही, त्याचं गाणं. कोटात सगळ्यांत अवघड काम बाही बसवण्याचं. खांद्यावरून ती अलगद उतरायला हवी, ना पुढे झोल, ना मागे चुणी. रोज सकाळी मास्तर हात पाठीमागे बांधून पुतळ्यांभोवती फिरत, कोट कुणाचा हे न विचारता एक बाही निवडत आणि मग त्या कोटाच्या खिशातली चिठ्ठी काढून शिवणाऱ्याचं नाव वाचत. त्या दिवशी खोलीत त्याचीच गाणी. पुढे रेडिओ गेला, स्पीकर आला, तो जिंकणाऱ्याच्या फोनला जोडला जाऊ लागला, पण नियम तोच राहिला. लंब्याने एकदा बाजी मारली आणि दिवसभर कुस्तीचं समालोचन ऐकवलं. त्या दिवशी दोन बाह्या उलट्या लागल्या.

पण असे दिवस विरळाच. गाणी असायची ती आक्कांची. जुनी, संथ, एकेक ओळ आळवून म्हटलेली. माप द्यायला आलेलं कुणी गाणं ऐकून दारात रेंगाळलं, की मास्तर म्हणत, "आमच्या आक्कांचं आहे," आणि आक्का मान वर न करता पुढचा टाका जरा ऐटीत ओढत. त्यांना त्या गाण्यांचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, गाण्यांपेक्षा ती रोज वाजतात याचा जास्त.

काल संध्याकाळी मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. घरी सून नवऱ्याच्या कोटाची उसवलेली बाही पुन्हा बसवत होती. एक डोळा गॅसवरच्या पातेल्यावर, तोंडाने पोराचे पाढे चालू, एका कानात इअरफोन, त्यात तिची ती धडामधूम गाणी. आणि बाही पहिल्याच फटक्यात अशी काही बसली, की आक्कांच्या हातातला मटार सोलायचा राहिला. स्वयंपाकघरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली जिची बाही अशी पडते, तिच्याच बाहीला इथे, एवढ्या लख्ख उजेडात, रोज चुणी कशी काय पडते?

उत्तर आता बोटाखाली होतं. आक्का स्टुलावर बसल्या.

गेल्या थंडीत एकदा सुनेची बाही निवडली गेली होती. त्या दिवशी आपण कसं वागलो, ते त्यांना नको इतकं आठवत होतं. तोंडाने "छान झालं" म्हणाल्या होत्या, आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. डबा भरलेलाच घरी नेला होता. सुनेनेच तो घासला होता. त्यानंतर तिची बाही पुन्हा कधी निवडली गेली नाही. म्हणजे तेव्हापासून या खोलीत वाजलेली गाणी, ज्यांच्यावर आपण मान डोलावली, ती सगळी सुनेने वाटीत घालून हातात ठेवलेली होती. आक्कांची कानशिलं तापली.

राग तर आलाच. पण रागाच्या पाठोपाठ आणखी काही आलं, आणि ते दाबता दाबेना. चुणी मास्तरांना दिसावी, पण गिऱ्हाइकाच्या अंगावर जाऊ नये. मास्तरांची निवड झाल्यावर एक टाका कापला, की काम चोख. इतके महिने मास्तरांना कळलं नाही, शेजारी बसून आक्कांना कळलं नाही. अशी खोट घालायला हात किती तयार लागतो! कार्टी, त्या मनात म्हणाल्या, आणि हसू आलं म्हणून स्वतःवरच चिडल्या.

शेजारच्या पुतळ्यावर त्यांचा स्वतःचा कोट होता. बाही चांगलीच बसली होती. हा टाका तसाच राहू दिला, तर आजचा दिवसही आपलाच. जिन्यावर पावलं वाजली. आक्का उठल्या, कात्रीचं टोक आत सरकवलं आणि टाका कापला. चुणी जागच्या जागी विरली. अस्तर पूर्ववत करून त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या तेव्हा सून दारात चप्पल काढत होती.

मास्तर आले. पहिल्या दोन पुतळ्यांपाशी थांबलेही नाहीत. आक्कांच्या कोटापाशी थांबले, मान तिरकी केली, पुढे गेले, मागे आले. मग सुनेच्या कोटाच्या खांद्यावरून त्यांनी तळहात खाली नेला. आणि पुन्हा एकदा नेला.

"वा," ते म्हणाले. "वा! कुणाची ही?"

चिठ्ठी उघडून त्यांनी आधी आक्कांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"सूनबाई, आजचा दिवस तुमचा."

सून कोटाकडे बघत राहिली. शेवटी लंब्याला राहवलं नाही.

"आक्का, आता घरी पण तिचंच राज्य का?"

"घरी कधीचंच आहे," आक्का म्हणाल्या. "इथेच तेवढं राहिलं होतं."

सगळे हसले. त्या हशातच सून त्यांच्या जवळ येऊन वाकली.

"आई, कात्री तुम्ही लावलीत?"

"टाका चुकलेला होता. कापला."

"तो मी..."

"माहीत आहे मला." आक्कांनी आवाज आणखी खाली आणला. "माझी दया यायची असेल, तर गुडघे दुखतात तेव्हा येऊ दे. बाहीत नको. बाहीत मी तुझी सासू नाही, कारागीर आहे."

सुनेचे डोळे भरून आले. "तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हता."

"आज जेवेन. जा, गाणं लाव. सगळे खोळंबलेत."

सून स्पीकरपाशी गेली आणि फोन हातात घेऊन उभी राहिली. त्या फोनमध्ये आक्कांची गाणीही होती. तिनेच ती त्यांच्यासाठी शोधून शोधून गोळा केली होती. सासूकडे एक नजर टाकायची आणि त्यांतलंच एक लावायचं, एवढं सोपं होतं. आणि तिने तसं केलं, तर टाका कापून काही उपयोग नव्हता. आक्कांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा हुकला. जिभेवर ओला करून पुन्हा ओवला, पुन्हा हुकला.

आणि एकदम ढोल कोसळले. बटणांचं ताट थरथरलं. काज-बटणवाली दचकली आणि सुई टोचलेलं बोट चोखू लागली. ढोलांच्या वर कुणी एक बाई मोठमोठ्याने काहीतरी विचारत होती आणि वीस जण तिला ओरडून उत्तर देत होते. आक्कांचा दोरा सुईत गेला.

"हे गाणं आहे, की पत्र्यावर गारा पडतायत?" त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं, कारण त्यांचा चेहरा तक्रार करणाऱ्या माणसाचा नव्हता.

मास्तर कापायच्या खोलीतून डोकावले आणि त्यांच्या कानाशी वाकले. "आक्का, त्रास होत असेल तर आवाज कमी करायला सांगू का?"

"नियम तुमचाच आहे, मास्तर. त्यात आवाजाबद्दल काही नाही."

मास्तर मान हलवत आत गेले.

पण आक्कांचं मन हातातल्या कामात लागेना. हरलो, ते ठीक. कशाने हरलो, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. थोड्या वेळाने त्या उठल्या, सुनेचा कोट पुतळ्यावरून उतरवला आणि खिडकीत जाऊन खांदा आतून उलटा केला.

सकाळी त्यांनी फक्त मागची बाजू पाहिली होती. वर, खांद्याच्या टोकाला, टाके तिरके पडले होते. बारीक, एकमेकांना खेटून, सगळे एका बाजूला कललेले. बाहीचं जास्तीचं कापड त्या टाक्यांनी असं थोडं थोडं वाटून घेतलं होतं, की ते कुठे गेलं हेच सापडत नव्हतं. आक्कांनी तिला सरळ टाका शिकवला होता. त्यांनाही सरळच शिकवला गेला होता, आणि त्यांना शिकवणाऱ्यालाही बहुधा सरळच. त्यांनी वळून पाहिलं. सून मान खाली घालून शिवत होती, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तिची सुई तिरकी आत जाऊन तिरकीच वर येत होती.

कोट हातात घेऊन त्या तिच्यापाशी गेल्या.

"हा तिरका टाका कुठला?"

"काय?" सून ओरडली.

"तिरका टाका! कुणी शिकवला?"

"तुम्हीच की, आई! सगळं तुम्हीच तर शिकवलंय!"

चार लोकांत सासूचा मान राखायला सुना बोलतात, तसं ती बोलली. आक्कांनी नकारार्थी मान हलवली आणि काहीतरी म्हणाल्या, पण ते ढोलांत बुडून गेलं. सुनेने आवाज कमी करायला हात पुढे केला. आक्कांनी तो मनगटात धरला. मग छातीत होता नव्हता तेवढा जोर एकवटून त्या ओरडल्या,

"हे मी नाही शिकवलेलं! हे मला येत नाही!"

लंब्याने मशीनवरचा पाय उचलला. काज-बटणवालीने मान वर केली. कापायच्या खोलीच्या दारात मास्तर कात्री घेऊन उभे राहिले. ढोल आपले वाजतच होते.

आक्कांनी पायाने स्टूल ओढलं, सुनेला खेटून बसल्या आणि कोट तिच्या मांडीवर ठेवला.

"दाखव," त्या म्हणाल्या.