सोफा की दीर्घिका

आमच्या दिवाणखान्यात दुर्बीण राहते आणि सोफा गच्चीवर, प्लास्टिकखाली. हे सांगताना मला अजून राग येतो. दुर्बीण साधीसुधी नाही. तिच्या तळाशी वीस इंची आरसा आहे आणि वर डोळा लावायला शिडी लागते. तो आरसा नवऱ्याने स्वतः दोन वर्षं घासला. तेवढी भांडी घासली असती तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचले असते.

शेवटी आमचा करार झाला. एक फार पुसट दीर्घिका तीन अमावास्या त्याला हुलकावणी देत होती. चौथ्या अमावास्येला ती दिसली तर दुर्बीण घरात राहणार, नाहीतर सोफा. दिसली कधी म्हणायची, हेही त्यांच्या आकाशनिरीक्षण मंडळाने ठरवून ठेवलंय: प्रत्येकाने कुणाशी न बोलता कागदावर चित्र काढायचं आणि किमान दोन चित्रं जुळायला हवीत. म्हणून त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर, सोबत आला. त्याची स्वतःची दुर्बीण बावीस इंची आहे, हे तो दात उपटतानाही सांगतो.

माळावर पोचलो. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो. एकोणतिसाव्या मिनिटाला डॉक्टरने गाडीचं दार उघडलं, आतला दिवा भक्कन लागला आणि दोघे सख्ख्या भावांसारखे भांडले. पुन्हा अर्धा तास. मग डोक्यावर काळं फडकं घेऊन एकेक जण शिडीवर चढला आणि नळीला टिचक्या मारत बसला. चित्र जरा हललं की पुसट वस्तू लवकर कळते म्हणे. उतरताना दोघांनी आपापला कागद घडी करून खिशात टाकला.

"तूही बघून घे," नवरा म्हणाला. "नाहीतर म्हणशील, मला कुणी विचारलंच नाही."

मी डोळा लावला. काळोख आणि चार-पाच ठिपके. तेवढ्यात खाली माझ्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं. डॉक्टर! माझी नजर आपोआप डब्याच्या बाजूला सरकली आणि दुसऱ्या कडेला काहीतरी उगवलं. काचेवर श्वास सोडल्यावर धरते तेवढी वाफ. सरळ बघितलं, गायब. डब्याची काळजी केली, पुन्हा हजर.

मला एकदम भरून आलं. इतक्या लांबचा उजेड माझ्यापर्यंत आला होता, आणि मी बिस्किटं मोजत होते. गप्प बसले असते तर सोफा माझाच होता. मी कागद मागितला.

तिन्ही कागद उघडले. डॉक्टरचा कोरा. नवऱ्याचाही कोरा. माझ्या कागदावर एक धब्बा. नवऱ्याने लाल टॉर्चखाली तो नकाशाशी ताडून पाहिला.

"हिला दिसली!" तो ओरडला. "अगदी जागच्या जागी!"

"नजर जरा तिरकी ठेवायची," मी म्हणाले.

"ते आम्हालाही माहीत आहे, वहिनी," डॉक्टर भरल्या तोंडाने म्हणाला.

"असेल. पण तुम्ही तिरकंसुद्धा डोळे फाडून बघता."

तोवर ढग आले. नवरा दुर्बीण उतरवू लागला. चित्र एकच होतं, आणि नियम म्हणजे नियम.

"सोफा उद्या आत घेऊ," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता.

"राहू दे गच्चीवर. तुला अजून दिसायची आहे," मी म्हणाले. "पण पुढच्या अमावास्येला शिडीवर आधी मी. आणि डबा डॉक्टरांच्या हातात द्यायचा."