रहेमतबीचे दूध

माझी पणजी तान्हाबाई हिने एका दुष्काळात मिशनच्या आवारात बाप्तिस्मा घेतला. तिची लेक सारुबाई हिने आमच्या चर्चच्या भिंतींसाठी डोक्यावरून दगड वाहिले. सारुबाईची लेक मार्थाबाई, माझी आई. तिने गावातल्या बायकांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. तिच्या पोटी मी, दबोरा. चार पिढ्यांत आमच्या घराने कोणापुढे हात पसरला नाही, असे मी अभिमानाने सांगत असे. त्याला एक अपवाद होता. तो मात्र मी सांगत नसे.

माझ्या जन्मानंतर आईला ताप भरला आणि तिचे दूध आटले. शेजारच्या रहेमतबीच्या मांडीवर तेव्हा तिचा पहिला मुलगा मकसूद होता. सात महिने तिने त्याच्यासोबत मलाही पाजले. आईने मरताना माझे मनगट धरून सांगितले, "त्या माउलीचं दूध फेडायचं राहिलं." म्हणून दर नाताळाला मी रहेमतबीकडे साडी आणि पायलीभर गहू पाठवी. ती ठेवून घेई आणि निरोप देई, "हे नाताळाचं झालं. दुधाचं न्हाई."

शहाऐंशी सालच्या दुष्काळात मी गावच्या दूध संस्थेची चेअरमन होते. घाटनांदूरच्या बाजारात कडबा मिळेना. लोक तेलगावकडून येणाऱ्या उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, जनावरे जगवीत होते. माझ्या गोठ्यामागे मात्र कडब्याची गंजी उभी होती. संस्थेचा सेक्रेटरी राधाकिशन रोज सकाळी प्रत्येकाच्या दुधात लॅक्टोमीटर सोडून डिग्री मोठ्याने पुकारी. सव्वीसच्या खाली डिग्री लागली, की दुधात पाणी आहे असे आम्ही धरत असू.

मकसूदची बायको आमिनाबी हिच्या दुधाला सलग तीन दिवस तेवीस लागली. नियमाप्रमाणे आधी समज द्यायची होती. मी दिली नाही. "ओतून टाक," मी राधाकिशनला म्हणाले. दूध गटारात गेले. मी स्वतः फळ्यावर लिहिले: पाणी घातलेले दूध, आमिनाबी.

"बाई, प्यायला पानी न्हाई," आमिनाबी म्हणाली, "दुधात कुठून घालू?"

रांगेत कोणी तरी हसले. "तोंड चालवू नकोस," मी म्हणाले. रहेमतबीची सून म्हणून मी गय केली नाही, याचेच मला त्या दिवशी समाधान वाटले.

रविवारी चर्चमधल्या बायकांच्या सभेत धडा माझ्याकडे होता. तान्ह्या बाळाने दुधाची आस धरावी तशी वचनाची आस धरावी, म्हणजे माणूस वाढतो, हा प्रेषिताचा उपदेश मी समजावून देत होते. खिडकीतून मकसूदचे अंगण दिसत होते. तो म्हशीच्या शिंगांना तेल लावत होता.

"बुधवारच्या बाजारात चालली म्हैस," पुढ्यात बसलेली केसरबाई शेजारणीला हळूच म्हणाली. "संस्था दूध घेईना, पेंडवाला उधार देईना. दुसरं हाय काय त्यांच्याजवळ?"

माझा शब्द अडखळला. तरी मी धडा पुरा केला.

आठवड्यापूर्वीच माझी गंजी संपली होती आणि माझ्याही म्हशीपुढे वाढेच पडत होते. मंगळवारी सकाळी मी राधाकिशनच्या पाठीशी उभी आहे, हे त्याला कळले नाही. माझ्या गड्याने आणलेल्या दुधात त्याने लॅक्टोमीटर सोडला. काचेवरचा आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तेवीस.

"अठ्ठावीस!" राधाकिशनने पुकारले.

"खोटे का बोललास?"

तो दचकून वळला. "बाई, तुमच्या दुधात पानी कोन घालील?"

"मग आमिनाच्या दुधात कोण घालील, हे त्या दिवशी का बोलला नाहीस?"

"तुमी इचारलंच कुठं? तुमी सांगितलं, ओत." त्याने मान खाली घातली. "वाढ्यावरचं जनावर पातळच दूध देतंय, बाई. समद्या गावाला ठाव हाय."

"मला कोणी सांगितले नाही."

"तुमाला सांगायचं कुनी?"

त्या दिवशी मला अन्न गेले नाही. पंचेचाळीस वर्षांची मी. विश्वासात पुरी वाढले आहे आणि आता इतरांना भरवण्याचे काम माझे, असे समजत होते. रात्री प्रार्थनेला बसले. देवाने मला पहिला घास जिच्या हातून दिला, तिच्याच घरचे दूध मी गटारात ओतले होते. एवढेच पुन्हा पुन्हा समोर येत राहिले.

बुधवारी उजाडताच मी सगळ्या सभासदांना बोलावले. रहेमतबीला आता चालवत नव्हते, म्हणून तिला आणायला बैलगाडी पाठवली. मकसूद म्हैस घेऊन वेशीबाहेर पडला होता. राधाकिशनने सायकल काढून त्याला अडवले.

सर्वांसमोर मी माझे दूध मोजायला लावले. "खरे पुकार."

"तेवीस," राधाकिशन पुटपुटला.

"मोठ्याने!"

"तेवीस!"

फळ्यावरचे आमिनाबीचे नाव मी पदराने पुसले आणि तिथे माझे लिहिले. "आमिनाने पाणी घातले नव्हते," मी म्हणाले. "न विचारता मी तिला चोर ठरवले. आमिना, मला क्षमा कर. दुष्काळ सरेपर्यंत वाढ्यावरच्या जनावरांचे दूध बावीस डिग्रीपर्यंत घ्यावे, असे मी मांडते." हात वर झाले. आमिनाबीचा झाला नाही.

"बाई, माझं दूध तर गेलं," ती म्हणाली.

"गेले. ते मला परत आणता येणार नाही."

मग तिने आपली किटली उचलून राधाकिशनपुढे ठेवली. वेशीतून मकसूद म्हैस परत आणताना दिसला.

माझे दूध मी संस्थेला घातले नाही. तिथेच चूल मांडून त्याचा चहा केला. पहिला कप रहेमतबीला माझ्या हाताने दिला आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले. एवढ्या वर्षांत तिच्यासमोर मी खुर्चीखेरीज बसले नव्हते.

तिने एक घोट घेतला. "पातळ हाय," ती म्हणाली. चार बाया हसल्या. मीही हसले असावे.

तिने कप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, खाली ठेवला आणि माझ्या, मार्थाबाईच्या लेकीच्या, डोक्यावर हात ठेवला.

"पन फिटलं, बेटी. आज समदं फिटलं."