कृमींचं पोट

घरी ती माझी भाची, प्रयोगशाळेत मॅडम. मी तिथे अकरा वर्षं कृमींचं खाणं करते, म्हणजे काचेच्या बशांत जेलीचा थर ओतून त्यावर जिवाणू वाढवते. डोळ्यांना जेमतेम दिसणारे ते कृमी त्यावर चरतात. पदवी नाही म्हणून मला कुणी काही विचारत नाही, आणि न विचारता बोलणं माझ्या स्वभावात नाही.

भाची तीन वर्षं एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागे लागली होती. प्रत्येक पेशीभोवती साखरेच्या गुंतागुंतीच्या रेणूंचं आवरण असतं, पण ते दिसत नाही. तिने कृमींना द्यायच्या साखरेला एक बारीकसा, हुकासारखा आकडा जोडला. ती साखर आवरणात गेली की आकडाही तिथे पोचणार आणि चमकता रंग त्यालाच अडकणार. तेही न कापता, जिवंत कृमीत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही झोप लागली नव्हती, खोटं कशाला सांगू.

पण घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. कृमी रंग गटागटा पीत आणि आतडंच इतकं झगमगे की बाकी काही दिसत नसे. बिनआकड्याची साधी साखर खाल्लेले कृमीही तसेच झगमगत. मग आकड्याचा पुरावा कसला? प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं होतं, "आज चारला शेवटचं बघतो. नाहीतर हे काम बंद."

दुपारी एकला भाची रडकुंडीला आली. "सकाळी रंग दिल्यापासून दोन्ही गट उपाशी ठेवलेत गं मावशी. तरी पोट साफ होत नाही."

माझा पारा चढला. "उपाशी ठेवून कसं होईल? लहानपणी तुला चार-चार दिवस शी व्हायची नाही, तेव्हा तुझ्या आईने उपाशी ठेवलं होतं का? दाबून खायला घालायची. नवीन आत गेलं की जुनं बाहेर."

भाचीने लगेच दोन्ही गटांतले कृमी माझ्या ताज्या, बिनरंगाच्या जिवाणूंवर सोडले. दोन तास मी नुसती येरझाऱ्या घालत होते.

आधी साधी साखर खाल्लेले कृमी पाहिले. सगळा अंधार, म्हणजे पोट साफ. अंधार बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मग दुसरा गट. भाचीने भिंगावरून डोळे काढले आणि मला स्टुलावर बसवलं. कृमी वळवळत होता, आतडं काळोखं होतं, आणि माझं केलेलं खाणं रोज जिथून आत जातं तो घसा हिरवागार उजळला होता.

चारला सर आले. बराच वेळ त्यांनी दोन्ही गट पाहिले.

"पोट कसं साफ केलंस?"

"मावशीला विचारा," भाची म्हणाली.

सरांनी स्टूल माझ्याकडे वळवलं. "सांगा मावशी."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मग मी काहीच राखून ठेवलं नाही. चार दिवसांचंही सांगितलं.